गोळी सुरू केलीत का?

परदेशात दिवस राहिले की हातात दोन याद्या येतात. पहिली आईची. ती फोनवरून येते आणि रोज थोडी थोडी वाढत जाते: पपई खाऊ नकोस, जड उचलू नकोस, ग्रहण कधी आहे ते बघून ठेव, डिंकाचे लाडू आत्ता नाहीत, बाळंतपणानंतर. दुसरी मिडवाइफची. तिच्यात कच्चं अंडं नको, धूम्रपान नको, कॉफी बेताची, आणि पुढच्या नऊ महिन्यांत काय काय होईल याचं आठवडेवार वेळापत्रक. या दुसऱ्या यादीत बहुतेक वेळा सगळ्यात वर एक प्रश्न असतो: फॉलिक ॲसिडची गोळी सुरू केलीत का?

इंग्लंडमध्ये माझ्या पहिल्या भेटीत मलाही तो विचारला गेला. मी "हो" म्हटलं, मिडवाइफने चौकटीत खूण केली आणि आम्ही पुढच्या प्रश्नाकडे वळलो. तुमच्यापैकी अनेकींनी असंच "हो" म्हटलं असेल, अनेकांनी आपल्या बायकोसाठी, बहिणीसाठी, सुनेसाठी ती बाटली आणून दिली असेल. दिवसाला एक गोळी, ४०० मायक्रोग्रॅम, बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत. मिरचीच्या बीएवढी ती पिवळसर गोळी इतकी साधी दिसते की तिला काही इतिहास असेल असं वाटत नाही. पण तो आहे, आणि तो आपल्या ओळखीच्या गल्ल्यांतून जातो. त्याचं पहिलं महत्त्वाचं पान मुंबईत, परळमध्ये लिहिलं गेलं.

१९२८ साली लुसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. तेव्हा ती चाळिशीची होती. बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफिल्डमध्ये तिचा जन्म झाला, केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात तिने वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकून १९११ मध्ये परीक्षा दिली. त्या काळी केंब्रिज बायकांना शिकू द्यायचं, परीक्षेला बसू द्यायचं, पण पदवी द्यायचं नाही. ती द्यायला त्यांना १९४८ साल उजाडलं. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ती दक्षिण आफ्रिकेत होती, तिथे काही काळ शुश्रूषेचं काम केलं, आणि मग लंडनला परतून बायकांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली. १९२० मध्ये ती डॉक्टर झाली खरी, पण दवाखाना थाटण्याऐवजी तिने रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताचा अभ्यास धरला.

तिला मुंबईला बोलावण्यामागे डॉ. मार्गारेट बाल्फोर होत्या. भारतात दीर्घकाळ काम केलेल्या या स्कॉटिश डॉक्टर तेव्हा मातामृत्यूंच्या चौकशीत गुंतलेल्या होत्या. इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने हाती घेतलेल्या त्या चौकशीत एक कोडं वारंवार समोर येत होतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत काही बायका पांढऱ्याफटक पडत. चार पावलं चाललं तरी धाप लागे, पायांवर सूज येई, आणि बाळंतपणात किंवा त्यानंतर लगेच त्यांतल्या काही जणी दगावत. रक्त तपासलं तर तांबड्या पेशी कमी, पण ज्या आहेत त्या नेहमीपेक्षा मोठ्या. लोह कमी पडल्याने होणाऱ्या पंडुरोगात पेशी लहान होतात. इथे नेमकं उलट. म्हणजे हा नेहमीचा पंडुरोग नव्हता.

विल्सचं काम हाफकिन संस्थेत सुरू झालं. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधली ही संस्था प्लेगच्या लशीसाठी ओळखली जायची. तिच्या आसपास गिरण्यांची धुराडी आणि चाळी. ज्यांच्या घरात कोणी गिरणीत काम केलेलं आहे त्यांना १९२८ हे साल वेगळ्या कारणाने ठाऊक असेल: त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप चालला. गिरणीत बायकाही मोठ्या संख्येने होत्या, आणि त्याच वर्षी मुंबईच्या कायदे मंडळात कामगार बायकांना बाळंतपणाचा भत्ता द्यावा की नाही यावर चर्चा चालू होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकाच्या बाजूने भाषण केलं, आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा झाला. गरोदर कामकरी बाईच्या शरीराची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न सभागृहात आणि प्रयोगशाळेत एकाच वेळी विचारला जात होता.

विल्सने सूक्ष्मदर्शकाच्या जोडीला आणखी एक गोष्ट केली, आणि मला तिच्या सगळ्या कामात ती सर्वांत मोलाची वाटते. या बायका काय खातात हे तिने विचारलं. १९३० साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये या अभ्यासाचे लेख येऊ लागले. पहिल्यावर विल्ससोबत एम. एम. मेहता यांचं नाव आहे. दुसऱ्यावर एस. एन. तळपदे यांचं, आणि त्याचा विषयच मुंबईतल्या बायकांचा आहार व राहणीमान हा आहे. वेगवेगळ्या जातिधर्मांच्या आणि वेगवेगळ्या ऐपतीच्या घरांत काय शिजतं याची पाहणी केल्यावर चित्र स्पष्ट झालं. जिथे दूध, फळं, भाजीपाला आणि प्रथिनं सर्वांत कमी, तिथे हा आजार सर्वांत जास्त. गरीब मुसलमान बायकांच्या ताटात सर्वांत कमी होतं, आणि त्यांनाच तो सर्वांत जास्त होत होता. रोगजंतू शोधत बसण्यापेक्षा ताटाकडे बघायला हवं, हे त्यातून कळलं.

ताटात कमी काय, हे शोधण्यासाठी तिने पांढऱ्या उंदरांना त्या बायकांसारखाच आहार दिला. गाभण उंदरिणींना पंडुरोग झाला आणि त्या पिल्लं होण्याआधीच मेल्या. आहारात यीस्ट मिसळलं की हा पंडुरोग टळे. पुढे लक्षात आलं की उंदरांच्या अंगावर उवा होत्या आणि त्यांतून आलेल्या संसर्गामुळे निष्कर्षांवर भरवसा ठेवता येत नव्हता. मग तेच प्रयोग माकडांवर झाले, आणि यीस्टचा धागा तिथेही खरा ठरला. संशोधनात काम करणाऱ्या कोणालाही हा टप्पा ओळखीचा वाटेल. चुकलेल्या प्रयोगातूनही दिशा बरोबर मिळते, पण ती पुन्हा तपासून घ्यावी लागते.

खऱ्या रुग्णांचं काय? या आजाराशी मिळताजुळता एक पंडुरोग पाश्चात्त्य देशांत होता आणि त्यावर १९२६ मध्ये बॉस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी उपाय शोधला होता: रुग्णाला रोज भरपूर कलेजी खायला घालायची. त्यासाठी त्यांना पुढे १९३४ चं नोबेल मिळालं. मुंबईतही कलेजीचा अर्क लागू पडे, पण तो महाग. गरिबाच्या घरात रोजची कलेजी कुठून येणार, आणि शाकाहारी बाई ती तोंडात तरी कशी घेणार? विल्सने म्हणून यीस्टपासून तयार झालेला एक स्वस्त पदार्थ घेतला: मार्माइट.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांना मार्माइट सांगायला नको. बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा तो काळाकुट्ट, खारट अर्क, बसकी बरणी, पिवळं झाकण. काहींना तो पावाला लावून प्राणाहून प्रिय, काहींना वासही सहन होत नाही. मुंबईत या बायकांना त्याचे चमचे देण्यात आले. काही दिवसांत रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, भूक परत आली, धाप कमी झाली. १९३१ च्या जूनमध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये विल्सचा लेख छापून आला. तिने यीस्टमधल्या त्या अज्ञात द्रव्याला नाव दिलं नाही. पुढे लोक त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा, कारण लेखाच्या शेवटी तो पुन्हा लागणार आहे. कलेजीचा साधा अर्क मुंबईच्या आजारावर चाले. पण तोच अर्क खूप शुद्ध केला की पाश्चात्त्य पंडुरोगावर चाले, मुंबईच्या आजारावर मात्र चालत नसे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात विल्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं. म्हणजे कलेजीत एक नाही, दोन वेगळी द्रव्यं होती. एकाच्या अभावाने एक आजार, दुसऱ्याच्या अभावाने दुसरा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींतल्या पेशी सारख्याच मोठ्या.

पहिलं द्रव्य हाती लागलं ते १९४१ मध्ये, अमेरिकेत. टेक्सास विद्यापीठात मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकातून ते वेगळं काढलं आणि पानाला लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणतात म्हणून त्याला फॉलिक ॲसिड म्हटलं. चार टन पालक! भाजी निवडणाऱ्या कोणत्याही घरात हा आकडा आदराने वाचला जाईल. काही वर्षांतच न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर इथे लेडर्ली प्रयोगशाळेच्या चमूने ते कृत्रिमरीत्या बनवलं. त्या चमूचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे, १९२३ मध्ये शिकायला अमेरिकेला गेलेले आणि तिथेच राहिलेले. दुसरं द्रव्य, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व, १९४८ मध्ये मिळालं.

आता तुम्ही म्हणाल, ही तर पंडुरोगाची गोष्ट झाली. मला मिडवाइफने गोळी दिली ती बाळाच्या पाठीच्या कण्यासाठी. बरोबर आहे. फॉलिक ॲसिड पेशींना डीएनए तयार करायला लागतं. ते कमी पडलं की पेशी वाढते पण तिला विभागता येत नाही. मुंबईच्या रक्तातल्या त्या फुगलेल्या पेशी हेच सांगत होत्या. आणि आयुष्यात पेशी सर्वांत वेगाने विभागतात त्या गर्भात. ज्या नळीतून मेंदू आणि मज्जारज्जू घडतो ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. ती नीट मिटली नाही तर बाळाला स्पायना बिफिडा किंवा त्याहून गंभीर व्यंग होतं. १९६० च्या दशकात लिव्हरपूलच्या हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी फॉलिक ॲसिड आणि या व्यंगांचा संबंध असावा असं सुचवलं. त्याचा निर्णायक पुरावा १९९१ मध्ये आला. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलने सात देशांतल्या ३३ केंद्रांत १,८१७ बायकांवर चाचणी घेतली. या सगळ्या अशा होत्या की ज्यांच्या आधीच्या एका गर्भात हे व्यंग आढळलं होतं. फॉलिक ॲसिडने ते पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्या वेळेआधी थांबवली गेली.

यातला २८ हा आकडा लक्षात ठेवा. पाळी चुकून, चाचणी करून, डॉक्टरांची वेळ मिळून मिडवाइफसमोर बसेपर्यंत ते २८ दिवस केव्हाच उलटलेले असतात. म्हणून सल्ला असा आहे की गोळी मूल हवं असं ठरवल्यापासूनच सुरू करावी. पण सगळीच गरोदरपणं ठरवून येत नाहीत. यावर उपाय म्हणून काही देशांनी गोळी पिठातच घातली. अमेरिकेत जानेवारी १९९८ पासून 'एन्रिच्ड' म्हणून विकल्या जाणाऱ्या पिठात १०० ग्रॅमला १४० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ब्रिटनने मात्र, चाचणी स्वतः घेऊनही, तीस वर्षं चर्चेत घालवली. इंग्लंडसाठीचा नियम २०२४ मध्ये मंजूर झाला आणि तो डिसेंबर २०२६ पासून लागू करायचं ठरलं.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. अमेरिकेतला नियम पांढऱ्या, 'एन्रिच्ड' पिठाला आहे. अख्ख्या गव्हाच्या कणकेला नाही. इंग्लंडच्या नियमातूनही 'होलमील' पीठ वगळलेलं आहे. आपण आणतो त्या बासमतीच्या पिशवीवरही 'एन्रिच्ड' असं बहुधा लिहिलेलं नसतं. म्हणजे जे घर पोळीभात खातं, पाव क्वचित आणतं, त्या घराला या योजनेचा फायदा आपोआप मिळत नाही. असं फक्त आपल्याच बाबतीत घडलं असंही नाही. अमेरिकेतल्या लॅटिन अमेरिकी घरांत मक्याच्या पिठाचे टॉर्टिया खाल्ले जातात, आणि त्या पिठात फॉलिक ॲसिड घालायला परवानगी मिळाली ती २०१६ मध्ये, अठरा वर्षांनी. पीठ निवडताना देशाने बहुसंख्यांचं ताट पाहिलं. म्हणून पिशवी उलटून घटकांची यादी वाचा, आणि पिठावर भिस्त न ठेवता गोळी घ्या. आपल्या मूग, चवळी, हरभरा, मेथी, पालकात फोलेट असतंच, पण शिजवताना त्यातलं बरंच जातं. गर्भाच्या त्या पहिल्या चार आठवड्यांसाठी तेवढ्यावर विसंबू नये.

आणि आता तो बारकावा: दोन द्रव्यं, आणि सारख्याच दिसणाऱ्या पेशी. फॉलिक ॲसिड नवीन होतं तेव्हा ते बी-१२ च्या अभावाने आजारी पडलेल्यांनाही मोठ्या मात्रेत देऊन पाहिलं गेलं. रक्त सुधारलं, पण मज्जातंतूंची हानी होत राहिली. एकाने दुसऱ्याचं दुखणं झाकलं. बी-१२ वनस्पतींत नसतं; ते मांस, मासे, अंडी आणि काही प्रमाणात दूधदुभत्यातून मिळतं. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या शाकाहारी असलेल्या घरांसाठी हा इतिहासातला तपशील उरत नाही.

हे आपल्याला पुण्याने दाखवून दिलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला आणि त्यांच्या मुलांकडे पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. २००८ मध्ये त्यांनी जे छापलं ते जगभर वाचलं गेलं. त्या आयांपैकी दोन तृतीयांश जणींमध्ये बी-१२ कमी होतं. फोलेट कमी असलेली फक्त एक होती. आणि ज्या आयांचं फोलेट जास्त पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त दिसलं. पुढे मधुमेहाकडे नेणारी ही वाट असते. याचा अर्थ फॉलिक ॲसिड वाईट, असा मुळीच नाही. गोळी बंद करू नका. अर्थ इतकाच, की शाकाहारी बाईला जोडीला बी-१२ ही लागतं.

माझं रोजचं काम पेशींशी आहे, तरी हे मला वेळेवर सुचलं नाही. मी घरात शाकाहारी वाढले, इथे येऊनही तशीच राहिले. चौदाव्या आठवड्यात तळपायांना मुंग्या येऊ लागल्या तेव्हा सगळ्यांनी, मीही, ते गरोदरपणावर ढकललं. इथल्या नेहमीच्या तपासण्यांत बी-१२ नसतं. मी मागून घेतली तेव्हा आकडा इतका कमी निघाला की डॉक्टरांनी त्याच आठवड्यात इंजेक्शनं सुरू केली. मुंग्या गेल्या, मुलगी सुखरूप झाली. त्या सगळ्या भेटींमध्ये माझं वजन, रक्तदाब, साखर, घरातलं वातावरण, सगळं विचारलं गेलं. मी काय जेवते हे कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

लुसी विल्स १९६४ मध्ये वारली. तिचं नाव वैद्यकाच्या इतिहासात आहे. तळपदे आणि मेहता लेखांच्या माथ्यावर आहेत. परळमध्ये ज्यांनी बोटातून रक्त दिलं, चुलीवर काय शिजतं ते सांगितलं, मार्माइटचा खारट चमचा गिळला, त्या बायकांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचीही नाहीत. मिडवाइफच्या यादीतली पहिली ओळ त्यांच्या ताटावरून लिहिली गेली आहे.

तेव्हा पहिल्या भेटीला जाल तेव्हा "गोळी सुरू केलीत का?" असं तुम्हाला विचारलं जाईल. "हो" म्हणा. मग, कोणी विचारलं नाही तरी, तुमच्या घरी काय शिजतं ते सांगा, शाकाहारी असाल तर तसं सांगा, आणि बी-१२ तपासून मागा. आईची यादी? तीही जपून ठेवा. तिच्यातल्या ग्रहणाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण "नीट जेवतेस ना?" हा तिचा रोजचा प्रश्न परळच्या प्रयोगशाळेतही विचारला गेला होता, आणि उत्तर तिथूनच सापडलं.